दुकानात नव्याने आलेल्या बर्बन आणि व्हिस्कीच्या बाटल्यांमधून कोणती घ्यावी, हे लेबल वाचून कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की दुकानात नवा माल आलाय आणि तीन बाटल्यांवर तुमचा डोळा आहे. एका बर्बनवर (म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनलेल्या अमेरिकन व्हिस्कीवर) सोनेरी अक्षरांत 'स्मॉल बॅच' लिहिलंय, दुसरी बर्बन पोर्ट या गोड वाइनच्या पिंपात 'फिनिश' केलेली, म्हणजे शेवटी काही काळ त्या पिंपात ठेवलेली आहे आणि तिसरी आहे स्कॉच सिंगल माल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एकाच डिस्टिलरीत माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीपासून बनलेली, जिच्यावर वयाचा आकडाच नाही. दुकानदार म्हणतो तिन्ही छान आहेत. असतीलही. पण तुम्हाला एकच घ्यायची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटली हातात घेतलीत की आधी ती फिरवा. पुढच्या बाजूला कंपनीला जे सांगायचंय ते असतं. मागे, अगदी तळाशी, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरांत कायद्यानं जे छापावंच लागतं ते असतं. मी बाटली निवडतो ती या दुसऱ्या मजकुरावरून.

'स्मॉल बॅच' या शब्दांना अमेरिकेच्या कायद्यात व्याख्याच नाही. वीस पिंपं एकत्र करून भरलेल्या बाटलीवरही ते लिहिता येतात आणि दोनशे पिंपांच्या बाटलीवरही. 'रिझर्व्ह', 'रेअर', 'हॅन्डक्राफ्टेड' यांचंही तेच. हे शब्द आहेत म्हणून बाटली वाईट ठरत नाही, पण त्यांच्या जोरावर जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

'बर्बन' हा शब्द मात्र पक्का बांधलेला आहे. अमेरिकेतच बनवलेली हवी, धान्यात किमान 51 टक्के मका हवा, गाळताना 80 टक्के अल्कोहोलच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांच्या वर नको, आणि पिंप ओकचं, नवं कोरं आणि आतून जाळलेलं हवं. वरून रंग किंवा चव घालायची नाही. केंटकीतच बनली पाहिजे असा समज सगळीकडे आहे, पण तसा नियम नाही. अमेरिकेत कुठेही बनवता येते.

आता 'स्ट्रेट' हा छोटासा शब्द शोधा. 'स्ट्रेट बर्बन' म्हणजे किमान दोन वर्षं पिंपात मुरलेली. पुढचा नियम फार उपयोगाचा आहे: चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय छापणं बंधनकारक आहे. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय आणि वय कुठेच नाही, तर आतली दारू किमान चार वर्षांची आहे असं धरून चालायला हरकत नाही. अनेक नव्या ब्रँडच्या बाटल्यांवर मागे कोपऱ्यात 'एज्ड ॲट लीस्ट 24 मंथ्स' असं बारीक लिहिलेलं सापडतं. चोवीस महिने म्हणजे दोनच वर्षं, पण महिन्यांत लिहिलं की आकडा मोठा दिसतो.

माझा सगळ्यात आवडता शिक्का 'बॉटल्ड इन बाँड'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली वाट्टेल ते विकलं जात होतं. कच्च्या दारूला मुरल्यासारखा रंग यावा म्हणून तंबाखू आणि आयोडीनसुद्धा घालत. कर्नल एडमंड टेलर आणि त्यांच्यासारखे काही डिस्टिलर यामागे लागले आणि 1897 साली बॉटल्ड इन बाँड कायदा झाला. अट अशी, की दारू एकाच डिस्टिलरीची आणि एकाच हंगामातली हवी. हंगाम दोनच, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली हवी आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलवर भरलेली. वर कोणत्या डिस्टिलरीत गाळली ते लेबलावर सांगावंच लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा कायदा आजही गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभा आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

कोणी गाळली, हा प्रश्न मी एका फसगतीनंतर विचारायला शिकलो. अशाच नव्या मालात एक देखणी बाटली मिळाली होती. जाड काच, जुन्या तांब्याच्या भट्टीचं चित्र, पणजोबांच्या पाककृतीची गोष्ट. घरी आणून निवांत वाचली तेव्हा मागे एकच ओळ दिसली, 'डिस्टिल्ड इन इंडियाना'. पुढच्या पानभर गोष्टीतलं गाव दुसऱ्याच राज्यातलं होतं. ज्या भट्टीचं चित्र होतं तिचा त्या दारूशी काही संबंध नव्हता. मला वाईट वाटलं ते लपवाछपवीचं, दारूचं नव्हे. दारू चांगलीच होती. इंडियानातल्या लॉरेन्सबर्ग इथे एमजीपी कंपनीची मोठी डिस्टिलरी आहे, ती अनेक ब्रँडना माल पुरवते आणि तिथली 95 टक्के राय (गव्हासारखं एक धान्य) असलेली व्हिस्की नावाजलेली आहे. दुसऱ्याकडून घेऊन बाटलीत भरणं हा गुन्हा नाही, फक्त ते सरळ सांगावं. म्हणून तुम्ही 'डिस्टिल्ड बाय' आणि 'बॉटल्ड बाय' यांतला फरक बघा. नुसतं 'प्रोड्यूस्ड बाय' किंवा 'बॉटल्ड बाय' असेल तर गाळणारा दुसरा कोणी असण्याची शक्यता मोठी आहे.

चवीचा अंदाज घ्यायचा असेल तर धान्य बघा. मका गोडवा देतो. त्याच्या जोडीला राय असेल तर मिरी-दालचिनीसारखा चटका येतो, गहू असेल तर दारू मऊ लागते. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये मका 70, गहू 16 आणि माल्ट केलेली बार्ली 14 टक्के, राय अजिबात नाही. फोर रोझेस या दुसऱ्या बर्बन कंपनीकडे धान्याची दोन मिश्रणं आणि पाच प्रकारचं यीस्ट आहे, त्यातून दहा वेगवेगळ्या बर्बन तयार होतात. त्या दोन मिश्रणांपैकी एकात राय तब्बल 35 टक्के आहे. या दोन घरच्या बर्बन शेजारी ठेवून घोट-घोट घेतल्यात तर धान्याचा फरक जिभेला एका संध्याकाळी कळतो. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा दोन्हींना 'बर्बन' हे एकच नाव कसं, याचंच नवल वाटत राहिलं.

वयाबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय, की जितकं जास्त तितकं चांगलं. बर्बनचं पिंप नवं असतं. आतल्या जळक्या थरामागे ओकमधली साखर भाजून तांबूस झालेली असते, लाकडातल्या लिग्निन नावाच्या द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास येतो, आणि केंटकीच्या उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. आठ-दहा वर्षांत ती लाकडाचं पुष्कळ काही घेऊन मोकळी होते. वीस वर्षं ठेवली तर बऱ्याचदा नुसतं लाकूडच चघळल्यासारखं लागतं. स्कॉटलंड थंड आणि दमट, शिवाय तिथली पिंपं बहुतेक वापरलेली, त्यांतली कितीतरी तर बर्बननंच रिकामी केलेली. त्यामुळे तिथे बारा वर्षं म्हणजे सुरुवातच. आणखी एक गंमत अशी, की केंटकीतल्या गोदामाच्या वरच्या मजल्यांवर पाणी जास्त उडतं आणि दारू वर्षागणिक कडक होत जाते. स्कॉटलंडमध्ये अल्कोहोल उडतं आणि ती उतरत जाते. तेव्हा बर्बनवरचा आठचा आकडा आणि स्कॉचवरचा अठराचा आकडा एका तराजूत घालू नका.

आता तुमची स्कॉच. 2009 च्या नियमांनुसार स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि वय छापलं तर ते आतल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं छापावं लागतं. बाकी सगळं पंचवीस वर्षांचं असलं आणि त्यात चमचाभर सहा वर्षांची पडली, तरी लेबलावर सहाच येणार. म्हणून वय नाही याचा अर्थ माल वाईट असा नाही. काही वेळा आत जुन्या-नव्याचा सुरेख मेळ असतो. काही वेळा मात्र नुसती कोवळी दारू असते आणि तिच्यावर एखादं भारदस्त गेलिक (स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं) नाव चढवलेलं असतं. ओळखायला दोन खुणा बघा. पहिली, अल्कोहोल 46 टक्के किंवा वर आहे का आणि 'नॉन चिल-फिल्टर्ड' लिहिलंय का. 46 टक्क्यांच्या खाली असेल तर गार केल्यावर किंवा पाणी घातल्यावर व्हिस्की धुरकट होऊ शकते, म्हणून कंपन्या ती थंड करून फिल्टरमधून काढतात (हेच चिल-फिल्टर) आणि त्यात चवीचा थोडा दाटपणाही जातो. दुसरी, 'नॅचरल कलर'. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद रंग बघून जुनी असेल असं समजू नका. ज्यानं या दोन्ही गोष्टी छापल्यात त्याला आतल्या मालाबद्दल भरवसा आहे, असं मी मानतो.

पोर्ट फिनिशवाली गोड आणि चटकन आवडणारी असेल. अशी बर्बन तयार झाल्यावर काही महिने पोर्टच्या पिंपात ठेवतात, आणि पिंपातून आलेली ती चव बर्बनच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे लेबलावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. चांगली फिनिश मला आवडते, पण खालची मूळ बर्बन कशी आहे ते तिच्यातून नीट कळत नाही.

नव्या मालात एक प्रकार असाही असतो की बाटली जुनीच, कपडे नवे. नव्या लेबलाबरोबर कधी वय गळतं, कधी ताकद, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण. एलायजा क्रेग स्मॉल बॅच या बर्बनवरचा 12 चा आकडा 2016 मध्ये गेला. नॉब क्रीक या बर्बनवरचा 9 चा आकडाही त्याच वर्षी गेला, तो मात्र 2020 मध्ये परत आला. मेकर्स मार्कनं 2013 मध्ये ताकद 45 वरून 42 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, पिणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. लोक लेबलं वाचतात म्हणून हे घडलं.

याउलट काही कंपन्या सगळं उघड मांडतात. ब्लँटन्स या बर्बनच्या लेबलावर पिंप कोणत्या तारखेला रिकामं केलं, पिंपाचा क्रमांक काय, ते कोणत्या गोदामात कोणत्या रॅकवर होतं, सगळं असतं. एलायजा क्रेग बॅरल प्रूफवर (म्हणजे पिंपातल्याच ताकदीवर भरलेल्या बाटलीवर) 'सी923' असा संकेत दिसला तर तो असा वाचायचा: सी म्हणजे त्या वर्षातली तिसरी खेप, 9 म्हणजे सप्टेंबर, 23 म्हणजे 2023. प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असते, म्हणून कोणी 'ती बाटली अफलातून होती' म्हणालं तर आधी खेप विचारा.

जपानी बाटलीही त्या फळीवर असेल तर एवढंच बघा, की ती 'जॅपनीज व्हिस्की' म्हणवते का. तिथल्या उत्पादक संघटनेनं 2021 पासून नियम लागू केलेत: जपानचं पाणी, जपानमध्येच गाळणं, किमान तीन वर्षं तिथेच मुरवणं आणि तिथेच बाटलीत भरणं. त्याआधी परदेशातून आणलेल्या व्हिस्कीवरही जपानी नावं सर्रास झळकत.

घरी नेलीत की बाटली उभी ठेवा, आडवी नको, कडक दारू बुचाला खाते. उन्हापासून लांब ठेवा. पहिला घोट तसाच घ्या, मग थेंब-थेंब पाणी घाला. 2017 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर तपासून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल नावाचं धुरकट वासाचं द्रव्य पृष्ठभागाजवळ जमतं, म्हणून वास उघडतो. बर्फानं नेमकं उलट होतं, वास मिटतो.

तुमच्या तिघींपैकी मी 'स्मॉल बॅच'वाली घेईन, पण मागे 'स्ट्रेट' असेल, वयाचा बारीक आकडा नसेल, गाळणाऱ्याचं नाव असेल आणि ताकद 45 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तरच. बर्बन कशी असते ते तिच्यातून सरळ कळेल. स्कॉचवर त्या दोन्ही खुणा सापडल्या तर पुढच्या वेळी ती. पोर्टवाली तिसरी. आणि यातलं काहीच जुळलं नाही तर नव्या मालाच्या फळीवरून नजर खालच्या फळीवर न्या. तिथे बहुधा वाइल्ड टर्की 101 किंवा ओल्ड ग्रँड-डॅडची बाँडेड बाटली असते, पहिली 50.5 टक्क्यांची, दुसरी 50 टक्क्यांची. वाइल्ड टर्कीत डिस्टिलर जिमी रसेल 1954 साली कामाला लागले आणि पुढे सहा दशकांहून जास्त काळ त्यांनी त्या चवीवर पहारा दिला. पोर्टवालीच्या मागच्या लेबलावर 'डिस्टिल्ड'च्या पुढे काय लिहिलंय ते खाली प्रतिक्रियेत कळवा, ती नेमकी कुठली असावी ते मिळून बघू.