कलेक्शन एजन्सी निम्म्यात सेटलमेंट देतेय, चार दिवसात भरा म्हणतेय. भरावेत का?

पहिलं म्हणजे ती चार दिवसांची मुदत डोक्यातनं काढून टाका. तुम्ही लिहिलंय की पर्सनल लोनचे दोन लाख ऐंशी हजार थकलेत, एजन्सीवाला म्हणतोय निम्मे भरा मिटवतो नाहीतर गल्लीत येऊन सांगतो, आणि घरातले म्हणतायत अब्रू जायच्या आधी कुठनं तरी उचलून देऊन टाक. घरातल्यांचं हे वाक्य वाचलं आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना, कारण आमच्यात ह्याच वाक्यापायी पंचवीस हजार रुपये गेले आणि त्यावरनं आजसुद्धा घरात वाद आहे.

आमचं कोल्हापुरात शाहूपुरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, सबमर्सिबल, गिरणीच्या मोटारी असं काम. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं, काही राहिलं नाही, म्हणून एका खाजगी बँकेतनं मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नावावर पर्सनल लोन काढलं, तांब्याची वायर आणि मशीन घ्यायला. हप्ते नीट चालले होते. मग मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं, मोरॅटोरियम घेतलं, ऑगस्टपर्यंत हप्ता नाही पण व्याज चढतच होतं. त्यातनं वर येतोय तोवर जुलै 2021 ला पंचगंगा परत दुकानात. आता ह्या धंद्यात काय आहे बघा, पूर ओसरला की नदीकाठच्या बुडलेल्या मोटारी ढिगानं येतात, कामाला तोटा नाही, पण शेतकरी पैसे देणार ऊसबिल निघाल्यावर. तो बुडवत नाही, त्याचा पैसाच तेव्हा येतो. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. तीन हप्ते चुकले, नव्वद दिवस झाले, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, आणि फोन सुरू.

मालक स्वभावानं एकदम गप्प, फोन आला की तोंड उतरायचं, जेवण जायचं नाही. म्हणून फोन मी घ्यायला लागले. पोरगं बोलायचं ते पंचवीस-सव्वीस वर्षाचं, आणि माझ्या नवऱ्याला अरे-तुरे. रात्री साडेनऊला फोन, शेजारच्या हार्डवेअरवाल्याला फोन, सासूबाईंना फोन. तेव्हा मी शोधून काढलं की आरबीआयनं 12 ऑगस्ट 2022 ला सर्क्युलरच काढलंय, वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, चारचौघात अपमान करायचा नाही, घरच्यांना मित्रांना त्रास द्यायचा नाही. एजंट दारात आला तर त्याच्याकडं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहिजे. हे मी त्या पोराला वाचून दाखवलं, रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून सांगितलं, आणि फोनच्या वेळा लिहून बँकेच्या तक्रार विभागाला मालकांच्या नावानं मेल टाकला. रात्रीचे फोन थांबले. बँक एजंटाची जबाबदारी झटकू शकत नाही, त्यामुळं तक्रार नेहमी बँकेकडं करायची, एजन्सीकडं करून उपयोग शून्य. बँकेनं तीस दिवसात उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं, ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही.

आता पंचवीस हजारांचं. आमचे थोरले दीर, त्यांना आम्ही भाऊजी म्हणतो, भावकीत मोठे, गावाकडं त्यांचा शब्द चालतो. एक दिवस एजन्सीची दोन माणसं दुकानासमोर गाडी लावून मोठ्यानं बोलायला लागली, त्यावेळी भाऊजी तिथं होते. मी दुकानात नव्हते. त्यांनी खिशातनं पंचवीस हजार काढून रोख दिले, वहीतल्या कागदावर सही घेतली आणि मालकांना म्हणाले, "मिटलं बघ, उरलेलं नंतर बघू." पुढच्या महिन्यात बँकेनं एजन्सी बदलली. नवीन माणूस म्हणाला असले पैसे जमाच नाहीत. मी स्टेटमेंट काढलं, खरंच एक रुपया जमा नव्हता. बँकेला कागदाचा फोटो पाठवला, उत्तर आलं की अधिकृत पावती नाही, दखल घेता येत नाही. ते पैसे गेले ते गेलेच. आणि भाऊजी अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की मी होतो म्हणून भावाची अब्रू राहिली, हिनं तर बँकेशी घासाघीस करून घराण्याचं नाव घालवलं, सेटलमेंट म्हणजे बुडवेगिरी.

मला हे अजिबात मान्य नाही आणि तुमच्या घरात कुणी असं म्हणत असेल तर त्यांनाही हेच सांगा. ज्यानं हप्ते भरलेत, व्याज भरलंय, आणि ज्याचं दुकान दोनदा पुरात गेलंय तो बुडव्या नाही. बिनतारण कर्जाचा व्याजदर बँक जास्त लावते तो ह्याच जोखमीसाठी, आणि थकलेल्या खात्याची तरतूद तिनं ताळेबंदात आधीच केलेली असते. जून 2023 मध्ये तर आरबीआयनं तडजोडीच्या सेटलमेंटचे नियमच काढले, प्रत्येक बँकेकडं त्याचं संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण पाहिजे. चोरीसाठी कुणी धोरण मंजूर करतं का? भीक मागायची नाही आणि लाजायचंही नाही, हा दोन पार्टीतला व्यवहार आहे.

आमचं कसं मिटलं ते सांगते. बँक दोन लाख नव्वद मागत होती, त्यात मुद्दल दोन लाख दहा, बाकी व्याज आणि दंड. मी आधी स्टेटमेंट मागवून हे दोन आकडे वेगळे काढले, कारण एजन्सी "निम्मे" म्हणते ते फुगलेल्या आकड्याचे निम्मे असतात. तुमचंही तेच असणार, आधी मुद्दल किती ते काढा आणि बोलणी मुद्दलावर करा. मी नव्वद हजारापासून सुरुवात केली. त्यांनी हसून फोन ठेवला, ठेवू दे. डिसेंबरपर्यंत थांबायचं हे माझं ठरलं होतं, एक तर तेव्हा ऊसबिलं निघतात आणि आमची उधारी येते, दुसरं म्हणजे डिसेंबर हा बँकेचा तिमाहीचा शेवट, त्यांनाही वसुली दाखवायची असती. मार्चएंडला तर आणखी. शेवटी एक लाख पस्तीसला मिटलं, दोन हप्त्यात. तुम्हाला किती टक्क्याला मिळेल हे कुणीच सांगू शकत नाही, खातं किती जुनं, बँक कुठली, तुमच्याकडं रोख किती, ह्यावर आहे. खिशात किती आहेत ते मात्र कधी सांगायचं नाही.

आणि लेटर. लेटर आल्याशिवाय एक रुपया नाही. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. त्यात लोन खाते नंबर, रक्कम, तारखा, "फुल अँड फायनल", उरलेली रक्कम माफ, जामीनदार असेल तर त्याचीही सुटका, आणि दिलेले कोरे चेक परत, हे सगळं पाहिजे. जामीनदाराचं विसरू नका, तो कर्जदाराइतकाच बांधलेला असतो. ते लेटर घेऊन शाखेत जाऊन खात्री करायची आणि पैसे थेट लोनच्या खात्यात भरायचे, एजंटाच्या गुगल पेवर नाही. एक तारीख चुकली तर सेटलमेंट रद्द होऊ शकतं म्हणून आधीच जमेल तीच तारीख घालून घ्या. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा बँकेचा दाखला, घ्या. भाऊजींसारखा वहीचा कागद घेऊन काय होतं ते वर लिहिलंच आहे.

सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीची जी नोंद राहते तिचं म्हणाल तर, रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" येतं आणि त्याचा त्रास काही वर्षं होतो. तीच बँक कमीत कमी बारा महिने नवीन कर्ज देणार नाही. पुढच्या वर्षी घराचं कर्ज काढायचं असेल तर सेटलमेंट करू नका, हप्त्यांची मुदत वाढवून मागा, पूर्ण फेडा. आम्हाला काढायचं नव्हतं. रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो, तो काढून नोंद बरोबर झाली का बघा.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, तिथं संमतीशिवाय काही होत नाही आणि कुणाला जेल होत नाही. पण तिथं सही केली तर त्यावर अपील नाही, म्हणून कसबा बावड्याच्या कोर्टात जायच्या आधी आकडा ठरवून जा.

आता ज्यांना माझं सगळंच्या सगळं लागू नाही ते. तुम्ही चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला असेल तर चेक बाउन्सच्या कायद्यातल्या कलम 138 ची नोटीस येते, पंधरा दिवसात पैसे भरायचे असतात, ती फौजदारी केस आहे, तिथं वकील गाठा. ईसीएस, म्हणजे खात्यातनं आपोआप कापला जाणारा हप्ता, परत गेलं तरी तशीच केस होऊ शकते. घर तारण असेल तर बँकेच्या हातात वेगळा कायदा आहे, तिथं असलं ताणून धरू नका. आणि आपल्याकडं बऱ्याच लोकांचं कर्ज पतसंस्थेचं असतं, त्याला आरबीआयचा लोकपाल नाही, ते सहकार खात्याकडं, उपनिबंधकांकडं. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला काढते आणि वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो, तिथं सामोपचार योजना, म्हणजे त्यांची तडजोडीची योजना, कधी निघते ते बघून आधीच अर्ज द्यायचा.

तुमचं लोन बँकेचं आहे की मोबाइल अ‍ॅपवरचं ते लिहिलेलं नाही. अ‍ॅपवरचं असेल तर आधी त्याच्या मागं आरबीआयकडं नोंद असलेली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे का ते बघा. नसेल आणि फोटो, कॉन्टॅक्टवरनं धमक्या येत असतील तर सेटलमेंटचं बोलूच नका, 1930 ला, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. बँकेचं असेल तर मुद्दल किती, चेक दिलेत का आणि जामीनदार कोण एवढं खाली लिहा, बँकेला पहिला मेल कसा लिहायचा ते मी सांगते.