समाजशास्त्र 'कॉमन सेन्स'च वाटतंय, मग सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की बारावी सायन्सनंतर बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं, पहिली दोन प्रकरणं वाचून 'हे तर सगळ्यांना माहीतच असतं' असं वाटतंय, मग यात शिकायचं काय?

आधी शब्दांकडे बघा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. 'आमच्या समाजात हुंडा घेत नाहीत' असं कोणी म्हणालं तर तिथे समाज म्हणजे जात. पुस्तकातला समाज तो नव्हे. 'संस्था' म्हटलं की आपल्याला शाळा-कॉलेज चालवणारे चेअरमन आठवतात; समाजशास्त्रात विवाह, कुटुंब, धर्म, मालमत्ता या संस्था, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेल्या वागण्याच्या रीती. आणि समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य नव्हे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. दर्जा, भूमिका, सामाजीकरण, स्तरीकरण असे शब्द येतील तसे डावीकडे त्यांचा बोलण्यातला अर्थ आणि उजवीकडे शास्त्रातला अर्थ लिहा. पहिल्या महिन्यात पंचवीस-तीस शब्द झाले तरी पुष्कळ.

आता कॉमन सेन्सचं. 'हल्ली एकत्र कुटुंबं मोडली' हे वाक्य घ्या. यावर कोणी वाद घालत नाही. पण मोजायला बसलात की पहिलाच प्रश्न: कुटुंब कशाला म्हणायचं?

कोकणातलं एक नेहमीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. गावी म्हातारा-म्हातारी, एक मुलगा बायकापोरांसह त्याच घरात पण चूल वेगळी, दुसरा मुंबईला चाकरमानी. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर. गणपती एकच, तोही मूळ घरी. जनगणनेत सहसा एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक घर. त्या हिशेबाने इथे तीन घरं. मालमत्तेने मोजलं तर एक. कुलाचाराने मोजलं तरी एकच. मग हे कुटुंब मोडलं की शाबूत आहे? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या छोट्या शहरात अभ्यास करून हाच मुद्दा मांडला होता: एका छपराखाली न राहणारी माणसंही मालमत्तेने आणि परस्परांच्या जबाबदाऱ्यांनी एकत्र असू शकतात. दुसरे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी तर 'घर' आणि 'कुटुंब' या दोन संकल्पना वेगळ्याच ठेवा असा आग्रह धरला. व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. कॉमन सेन्स व्याख्या न सांगताच उत्तर देऊन मोकळा होतो, एवढाच फरक. पण तो फार मोठा आहे.

हे नुसतं वाचून अंगी लागत नाही, म्हणून आपल्याच गल्लीतली किंवा वाडीतली वीस घरं घ्या. ओळखीचीच वीस निवडलीत तर सगळी आपल्यासारखीच निघतील. त्यापेक्षा एका टोकापासून सुरुवात करून दर तिसरं घर घ्या. कुलूप असेल तर लगेच शेजारचं घेऊ नका, वेळ बदलून परत जा. दिवसा कुलूप असलेली घरं बहुतेक नवरा-बायको दोघं कामावर जाणारी असतात. ती गळली की तुमचं चित्रच वाकडं होतं.

'तुमचं कुटुंब एकत्र आहे का?' असं विचारू नका, सगळे 'हो' म्हणतील, कारण तसं म्हणणं चांगलं दिसतं. विचारायचं ते असं: काल रात्री या घरात कोण कोण जेवलं? गावी किंवा शहरात पैसे कोणाला पाठवता, कोणाकडून येतात? घर-जमीन कोणाच्या नावावर आहे? उत्पन्न आणि जात पहिल्या पाच मिनिटांत काढलीत तर पुढचं बोलणं तिथेच आटोपतं. आणखी एक अडचण हमखास येते. बाई बोलत असते आणि आतून बाबा येऊन उत्तरं द्यायला लागतात. त्यांना थांबवू नका, पण कोणतं उत्तर कोणी दिलं ते टिपून ठेवा. तीही माहितीच आहे. कशासाठी विचारताय ते आधी सांगा, वहीत नावाऐवजी क्रमांक घाला आणि त्याच रात्री नोंदी नीट उतरवून काढा. दोन दिवसांनी जे आठवतं त्यात तुमचं मत मिसळलेलं असतं.

वीस घरांवर टक्केवारी काढायचा मोह आवरा. एक घर म्हणजे पाच टक्के. एकाचं उत्तर चुकलं तरी आकडा पाचने हलतो. 'वीसपैकी सात' असंच लिहा.

हे करता करता सिद्धांत वाचा, नंतर नको. फ्रेंच विचारवंत ओगुस्त कोंतने 'समाजशास्त्र' हे नाव दिलं आणि 1919 साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, हा इतिहास एका संध्याकाळचा. वेळ द्यायचा तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमला. त्याची 'सामाजिक तथ्य' ही कल्पना रुक्ष वाटते, पण आपल्याकडची आहेराची वही उघडून बघा. कोणी किती दिले हे लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडच्या कार्यात तेवढं किंवा थोडं वर करून परत द्यायचं, असा कायदा कुठेही नाही. तरी पाचशेचे शंभर करून बघा, नातेवाईक काय बोलतात ते कळेल. व्यक्तीच्या बाहेर असलेली आणि तरीही तिला वाकवणारी गोष्ट म्हणजे हीच. परत करण्याच्या या सक्तीवर दुर्खीमचा भाचा मार्सेल मॉस याने पुढे सविस्तर लिहिलं. मग मॅक्स वेबर आणि कार्ल मार्क्स घ्या. भारतीयांमध्ये नातेसंबंधांसाठी इरावती कर्वे आणि जातीसाठी जी. एस. घुर्ये, पण घुर्ये एकटे वाचू नका; आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातीवरचा निबंध सोबत ठेवा. जात टिकवायला जातीतच लग्न कसं लागतं आणि त्याची किंमत बाईला कशी मोजावी लागते, हे त्यात थोडक्या पानांत आहे.

वीस घरांचा तक्ता तयार झाला की तो दोनदा मोजा, एकदा चुलीने आणि एकदा मालमत्तेने. दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत यावर दोन पानं लिहा आणि ती पानं घेऊन तुमच्या सरांना किंवा मॅडमना भेटा.