एडिसनहून वीकेंडला आइस क्लाइंबिंग: हवामान आणि अंतर यांचा मेळ कसा घालावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, गाइडबरोबर दोनदा टॉप रोपवर, म्हणजे वरून बांधलेल्या दोराच्या आधाराने, गोठलेल्या धबधब्यांचा बर्फ चढलात. जानेवारीत तीन आठवडे आधी अ‍ॅडिरॉन्डॅक्समध्ये (न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेकडचे डोंगर) हॉटेल घेतलं, पाच तास गाडी चालवून पोहोचलात, तर पावसाने सगळं ओलं आणि धबधबा वाहता. आता फेब्रुवारीतला एक वीकेंड मोकळा आहे आणि हवामान बघून किती लांब जायचं हे कसं ठरवावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी तुमच्यापासून अर्ध्या तासावर राहतो. पुण्यात असताना सह्याद्रीत कातळ चढायचो, इथे आल्यावर अकरा हिवाळे बर्फ चढतोय. तिकडची एक सवय मला इथे मोडावी लागली. सह्याद्रीत आधी जागा ठरते, मग तारीख, मग माणसं जमतात. कातळ कुठे जात नाही, ठरलेल्या दिवशी तो तिथेच असतो. इथे उलट करा: तारीख आधी ठरवा आणि जागा सगळ्यात शेवटी, गुरुवारी रात्री. तुमचं हॉटेल चुकीचं नव्हतं, ते फार लवकर घेतलं गेलं एवढंच.

आता हवामान. बहुतेक जण शनिवार-रविवारचा अंदाज बघतात. मी आधी मागचे सात दिवस बघतो. शनिवारी थंडी असेल की नाही यावरून तुमची बोटं किती गारठतील एवढंच कळतं. बर्फ कसा असेल हे सोमवार ते शुक्रवार काय झालं त्यावर ठरतं. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशावर नेमक्या डोंगरावर क्लिक केलं, की त्या ठिकाणच्या उंचीचा अंदाज मिळतो, आणि जवळच्या केंद्रावर मागच्या काही दिवसांच्या नोंदीही दिसतात. वहीत रोजचं कमाल आणि किमान तापमान लिहून काढा, पाऊस पडला असेल तर त्यापुढे खूण करा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की सलग चार-पाच रात्री २० फॅरनहाइटच्या खाली आणि दुपारी पारा ३२ च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, वर न जाणं (पुढचे आकडेही फॅरनहाइटमध्येच), एवढं झालं तर निघायला हरकत नाही.

चौथ्या हिवाळ्यात मी हे पाहिलं नाही. शनिवारचा अंदाज सुरेख होता: कमाल २२, वारा नाही, ऊन. पण बुधवारी कॅट्सकिल्समध्ये (न्यू यॉर्कमधलेच, आपल्याला जवळचे डोंगर) ४५ च्या वर पारा गेला होता आणि दिवसभर पाऊस पडला होता. तिथल्या स्टोनी क्लोव्ह खिंडीत पोहोचलो तेव्हा बर्फ लांबून छान जाड, निळसर-पांढरा दिसत होता. पहिला अ‍ॅक्स (बर्फात रुतवायची कुऱ्हाड) मारला तर ढब्ब आवाज आला, रिकाम्या रांजणावर मारल्यासारखा. दुसऱ्या घावाला भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. वरचा पापुद्रा दोन रात्रींत गोठला होता, पण आतून पाणी वाहतच होतं आणि बर्फ कातळापासून सुटलेला होता. अशा बर्फात दोर अडकवायचा स्क्रू बसतो खरा, पण तो माणसाला धरेल यावर विसंबता येत नाही. आम्ही तिथूनच परतलो.

पाऊस नेहमीच वाईट असतो असंही नाही. धबधब्याचा बर्फ वाढायला थंडी लागते तसं पाणीही लागतं. कोरड्या, कडाक्याच्या दोन आठवड्यांपेक्षा, एक पाऊस आणि त्यानंतर सावकाश उतरलेली चार दिवसांची थंडी जास्त चांगला बर्फ देते. पावसाला किती रात्री उलटल्या, हे मोजायचं. दोन रात्री म्हणजे घरी बसा. चारच्या पुढे गेल्यावर विचार करा.

उलटा धोका कमी लोकांना माहीत असतो. बुधवारी ३८ आणि शुक्रवारी रात्री एकदम उणे ५, असा कडा कोसळल्यासारखा पारा उतरला तर बर्फ झपाट्याने आकुंचन पावतो. वरून लोंबणारे आणि खाली जमिनीला टेकलेले खांब दोन्ही टोकांना आवळलेले असतात. त्यांच्यात ताण साठतो, आणि एका घावाने आडवी भेग जाऊन अख्खा खांब तुटू शकतो. अशा सकाळी सुट्या खांबांच्या खालीसुद्धा उभं राहू नका. रुंद, कातळाला पूर्ण चिकटलेला, कमी उताराचा बर्फ शोधा. इतक्या थंडीत तोही ठिसूळ असतो, घाव घातला की ताटाएवढे तुकडे उडतात, त्यामुळे बिले देणाऱ्याने (खालून दोर सांभाळणाऱ्याने) सरळ खाली उभं न राहता बाजूला राहावं. मला सगळ्यात आवडतो तो १५ ते २८ च्या मधला ढगाळ दिवस. अ‍ॅक्स एका घावात रुततो आणि बर्फ उडत नाही.

फेब्रुवारी सरत आला की उन्हाकडेही लक्ष ठेवा. पारा २५ असला तरी दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्यावर ऊन थेट पडतं, कातळ तापतो आणि बर्फ मागच्या बाजूने सुटतो. अशा जागा सकाळी लवकर चढून मोकळ्या करायच्या, दुपारी सावलीतल्या कड्याकडे वळायचं.

आता अंतरं. आपल्याकडून तीन दिशा आहेत. कॅट्सकिल्स साधारण सव्वादोन-अडीच तासांवर, अ‍ॅडिरॉन्डॅक्समधली कीन व्हॅली पाच तासांच्या आसपास, आणि न्यू हॅम्पशायरमधलं नॉर्थ कॉनवे सहा तासांच्या पुढे. हे सगळे रस्ते कोरडे असतानाचे आकडे. हिम पडत असेल तर दीडपट धरा.

कॅट्सकिल्स जवळ आहेत, पण दक्षिणेला असल्याने तिथला बर्फ लवकर बिघडतो. मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी हा त्यांचा भरवशाचा काळ. स्टोनी क्लोव्हची खिंड सुमारे २००० फुटांवर आहे. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस थंड होते, त्या हिशेबाने एडिसनपेक्षा तिथे चार अंश सेल्सिअस, म्हणजे सात फॅरनहाइट कमी. आपल्या अंगणात दिवसभर ३५ असेल तर खिंडीत जेमतेम २८. हा हिशेब मी दर वेळी करतो आणि बहुतेकदा जमतो, मात्र वाऱ्याविना निरभ्र रात्री थंड हवा दरीत साचते आणि वरच्यापेक्षा खालचाच पारा उतरतो. काटरस्किल क्लोव्हमधून जाणाऱ्या २३ए रस्त्यावर गाडी लावायला जागा फार थोड्या आहेत. तिथे उजाडायच्या आत पोहोचा.

अ‍ॅडिरॉन्डॅक्स हा माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात योग्य पट्टा. आय-८७ वरून ३० नंबरचा एक्झिट घेतला की ७३ नंबरचा रस्ता लागतो, आणि त्याच रस्त्याला धरून चॅपल पाँड, पुढे कीन व्हॅली आणि त्याच्याही पुढे कॅस्केड पास. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या उंचीच्या जागा आहेत. चॅपल पाँडला बर्फ पिचलेला दिसला तर अर्ध्या तासात कॅस्केडला जाता येतं, ते आणखी चार-पाचशे फूट वर आहे आणि तळ्यांच्या मधल्या अरुंद खिंडीत थंडी चांगली टिकते. तिथलं पिचऑफ क्वॉरी रस्त्यापासून अगदी जवळ आहे आणि टॉप रोप लावायला सोयीचं आहे. तुमच्या आत्ताच्या अनुभवाला मी तिथेच सुरुवात करीन.

चॅपल पाँडच्या पलीकडच्या काठावर शुइनार्ड्स गली ही बर्फाची घळ आहे, ती बघून तुम्हालाही मोह होईल. तिथे जायचं तर गोठलेलं तळं पायी ओलांडावं लागतं. स्वच्छ, कडक बर्फ निदान ४ इंच जाड असल्याशिवाय तळ्यावर पाऊल ठेवू नका, आणि आठवड्यात पाऊस झाला असेल तर चार इंचांवरही विश्वास टाकू नका. वरून पडलेल्या हिमाखाली बर्फ धिम्या गतीने वाढतो, कारण हिम गोधडीसारखं ऊब धरून ठेवतं. पांढरं शुभ्र तळं बघून ते पक्कं आहे असं समजू नये.

नॉर्थ कॉनवेला दोन दिवसांच्या वीकेंडसाठी आपल्याकडून जाऊ नका. बारा-तेरा तास गाडीत आणि हातात जेमतेम दहा-अकरा तासांचा उजेड, हे गणित बसत नाही. मार्टिन ल्यूथर किंग दिन किंवा प्रेसिडेंट्स डेचा सोमवार जोडून घेता आला तर जरूर जा. फ्रँकेनस्टाइन क्लिफ आणि चँपनी फॉल्स बघण्यासारखे आहेत. मात्र माउंट वॉशिंग्टनच्या हंटिंग्टन रॅव्हिनमध्ये हिमस्खलनाचा खराखुरा धोका असतो. तिथल्या अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज न वाचता त्या दरीत कुणी शिरू नये, आणि तुमच्यासारख्या नवीन माणसाने तर अजून दोन-तीन हिवाळे थांबावं.

मी आठवडा असा आखतो. सोमवारी गाइडशी बोलतो. बहुतेक जण गाइडकडे तारीख आणि जागा दोन्ही पक्की करतात. तुम्ही तारीख पक्की करा आणि जागा त्याच्यावर सोपवा. तो तिथेच राहतो, रोज बर्फ बघतो, त्याच्याइतकं तुम्हाआम्हाला कळणार नाही. बुधवारी मागच्या दिवसांची नोंद बघतो, लोकांनी टाकलेले ताजे फोटो बघतो. फोटोवर तारीख नसेल तर तो सोडून देतो. गुरुवारी रात्री नऊ वाजता निर्णय. हॉटेल आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल असंच घ्यायचं, चार पैसे जास्त पडले तरी.

आणि हॉटेल कीन व्हॅलीत नको, ऑल्बनीच्या आसपास घ्या. ही युक्ती मला सातव्या हिवाळ्यात सुचली आणि तेव्हापासून एकही वीकेंड पूर्ण वाया गेलेला नाही. ऑल्बनी आपल्यापासून अडीच-तीन तासांवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघालात तर पार्कवेवर दीड तास रांगेत जाईल, त्यापेक्षा घरी जेवून साडेसातला निघा, साडेदहाला झोपा. सकाळी पाचला उठून पुन्हा अंदाज आणि ५११ एनवाय या राज्याच्या वाहतूक-माहितीच्या साइटवरचे रस्त्यांचे कॅमेरे बघा. तिथून कीन व्हॅली उत्तरेला दोन तास, आणि उत्तरेत वादळ असेल तर कॅट्सकिल्स मागे तासाभरावर. निवड तुमच्या हातात राहते, आणि रात्री बारा वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी डोंगरातले वळणाचे रस्ते पार करावे लागत नाहीत.

७३ नंबरच्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि कुठे जाताय, किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी लिहून ठेवा. विंटर टायर नसतील तर हिम पडत असताना त्या रस्त्याला जाऊ नका. डब्यात मी धपाटे आणि तिळाची चटणी नेतो. बाजारातले एनर्जी बार थंडीत दगडासारखे होतात, धपाटे मात्र जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवले की दुपारपर्यंत मऊ राहतात.

रविवारचा परतीचा वेळ शनिवारीच, ताजेतवाने असताना ठरवा. मी रविवारी एक वाजता दोर गुंडाळतो, समोरचा बर्फ कितीही चांगला असला तरी. दोन वाजता गाडी सुरू. डिसेंबरअखेर तिकडे सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो, तुमच्या फेब्रुवारीत पाचच्या पुढे, म्हणजे डोंगरातला रस्ता आणि ऑल्बनीपर्यंतचा बराचसा टप्पा उजेडात होतो. दोन दिवस थंडीत राबलेलं शरीर गाडीतल्या उबेत शिरलं की तासाभरात डोळे मिटायला लागतात. दोघं असाल तर दर दीड तासाने चालवणारा बदला. एकटेच असाल तर रविवारी चढूच नका, शनिवारी पूर्ण दिवस चढा, रात्री पोटभर जेवून तिथेच झोपा आणि रविवारी सकाळी सावकाश घरी या.