वर्गात सगळे एका बाजूला, आणि आपण गप्प

"वर्गात खरं मत मांडलं तर मित्र तुटतील का, मार्क जातील का?" हा प्रश्न हल्ली समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखा येतो. मुलं विचारतात, आईवडील पण विचारतात, फक्त त्यांचं म्हणणं थोडं वेगळं असतं, "मॅडम तुम्हीच सांगा तिला, गप्प बसून डिग्री घे म्हणावं." म्हणून एक केस सांगते. परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी डोंबिवलीची, एमएच्या पहिल्या वर्षाला, कॉलेज टाऊन साईडला, म्हणजे दक्षिण मुंबईत. माझ्याकडे आली ती पोटदुखी घेऊन. दर मंगळवारी सकाळी पोटात कळ यायची, मग ट्रेन सोडायची, मग दांडी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मंगळवारी काय असतं विचारलं तर म्हणाली सेमिनार असतो, शहर आणि उपजीविका असा पेपर आहे, बाकी काही नाही. बाकी काही नाही असं म्हणून पेशंट थांबला की मी पण थांबते.

थोड्या वेळाने निघालं. सेमिनारमध्ये फेरीवाल्यांचा विषय सुरू होता. २०१४ चा पथविक्रेता कायदा, पालिकेच्या कारवाया, पोटावर पाय वगैरे. सगळा वर्ग फेरीवाल्यांच्या बाजूने. आणि हिच्या बाबांचं डोंबिवली स्टेशनजवळ कटलरीचं छोटं दुकान, दुकानासमोर इतक्या पथाऱ्या की गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही, भाडं, लाईट बिल, टॅक्स सगळं बाबांच्या डोक्यावर आणि तोच माल बाहेर निम्म्या भावात. वर्गातला एक जण म्हणाला की हे दुकानदार लोकच पालिकेत तक्रारी करून गरिबांना उठवतात, सगळे हसले, ही पण हसली. रात्री ग्रुपवर त्याच मुद्द्याची पोस्ट आली तिला हिने हार्ट दिलं. असाइनमेंट पण सरांना आवडेल अशीच लिहिली, मार्क चांगले पडले, आणि तेव्हापासून पोट.

"मी ढोंगी आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, त्याचं नंतर बघू, आधी मला सांग नक्की कशाची भीती वाटते. कारण "लोक काय म्हणतील" ही भीती गाठोड्यासारखी असते, सोडून बघितल्याशिवाय आत किती आणि काय आहे कळत नाही. सोडलं तर आत बरंच होतं. कोणीतरी स्क्रीनशॉट काढेल. ट्रिपच्या ग्रुपमधून काढतील. सर इंटरनलचे मार्क कापतील. आणि शेवटचं, ते ती अगदी हळू म्हणाली, मी बोलले आणि माझं चुकीचं निघालं तर?

यातलं मार्कांचं मी हसण्यावारी नेत नाही. इंटरनल सरांच्या हातात असतात, गाइड त्यांच्यातलाच मिळणार असतो, तिथे "बिनधास्त बोल गं" असं सांगणारा समुपदेशक मला बेजबाबदार वाटतो. पण मी तिला विचारलं, सरांनी आजपर्यंत वेगळ्या मतासाठी कोणाचे मार्क कापल्याचं बघितलंयस का? नाही. मग मार्कांचं तूर्त बाजूला ठेवू.

मग विचारलं, वर्गात किती जण? तीसेक. बोलतात किती? चार-पाच, नेहमीचेच. मग बाकीच्यांचं मत तुला कुठून कळलं? यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

हे फार कॉमन आहे. एलिझाबेथ नोएल-नॉयमान नावाच्या जर्मन संशोधक बाईंनी १९७४ मध्ये हेच मांडलं, आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प होतो, तो गप्प झाला की ते मत अजूनच कमी लोकांचं दिसतं, मग पुढचा गप्प होतो. आणि १९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग तर मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. कोणती रेघ किती लांब एवढाच सोपा प्रश्न, पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देणार. साधारण एक तृतीयांश वेळा मुलांनी डोळ्यांसमोर दिसत असून त्यांच्या मागे जाऊन चूक उत्तर दिलं. पण एकच माणूस बरोबर उत्तर देणारा सोबत बसवला की हे प्रमाण एकदम खाली आलं. म्हणजे अख्खा वर्ग आपल्या बाजूने वळवायची गरजच नसते, एक माणूस पुरतो.

तर तिला गृहपाठ दिला तो वर्गात बोलायचा नाही, एक माणूस शोधायचा. कँटीनमध्ये, ट्रेनमध्ये, कुठेही, आणि त्याला आपलं मत सांगायचं नाही, आधी त्याचं विचारायचं.

तिने शोधला तो वर्गातला एक मुलगा, अजिबात न बोलणारा, परतीच्या स्लो लोकलला कधीकधी सोबत असायचा. आणि इथे मला स्वतःलाच मजा वाटली, कारण त्याची आई मुलुंडला भाजी घेऊन बसते. म्हणजे हिच्या बरोब्बर समोरची बाजू, तरी तोही गप्प. का, तर त्याला वर्गातली ती दया नको होती. "आमच्याबद्दल बोलतात, पण एकालाही माहीत नाही सकाळी किती वाजता माल उचलावा लागतो," असं तो म्हणाला. हिने दुकानाचं सांगितल्यावर दोघांचं कडाडून भांडण झालं, ठाण्यापर्यंत. तो मुलुंडला उतरायचा विसरला.

त्या आठवड्यात पोट दुखलं नाही. लगेच जोडून टाकू नका, पण मी नोंद केली.

पुढे मी एक जुनीच पद्धत दिली. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं की तोच म्हणेल हो, हेच म्हणायचंय मला, आणि मग आपलं. तिला म्हटलं, त्याची बाजू लिहून त्यालाच दाखव. पहिल्या कागदावर तिने लिहिलं की फेरीवाले फुकटात धंदा करतात. त्याने त्यावर काट मारून "हप्ता" एवढंच लिहून परत दिला. मग तिने कायदा स्वतः वाचला, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला हटवू नये असं त्यात आहे, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना हव्यात असंही आहे. आणि त्याने पण हिची बाजू लिहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं, तर चालणाऱ्या माणसाला रस्ता हवा हे म्हणणं गरीबविरोधी कसं, हा मुद्दा त्याने तिच्यापेक्षा चांगला मांडला होता. ती चिडली होती त्यावर.

नंतर ती वर्गात बोलली. भाषण नाही, एक प्रश्न विचारला, की कायद्याप्रमाणे जागा ठरवून दिल्याच नाहीत तर दुकानदार आणि फेरीवाला यांना एकमेकांवर सोडून पालिका मोकळी होते का? आणि माझ्या बाबांचं दुकान आहे हे पण सांगितलं. सरांनी पुढचा तास त्याच्यावरच घेतला. तिच्या दोन मैत्रिणी तुटक वागायला लागल्या, त्यातली एक आली परत, एक नाही आली.

ते मी लपवणार नाही. मैत्री शाबूत राहीलच अशी गॅरंटी मी कोणालाच देत नाही. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये इथेच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, यापेक्षा घट्ट दोस्ती काय असणार, पण सामाजिक सुधारणा आधी की राजकीय यावर मतं फाटत गेली, १८८७ ला आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढलं. महाराष्ट्राला दोन्ही बाजू नीट मांडलेल्या मिळाल्या, पण त्या दोघांना त्याचा त्रास झालाच.

प्राध्यापक मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. "ओपन डिस्कशन आहे, बोला" एवढ्याने कोणी बोलत नाही. आधी दोन मिनिटं कागदावर लिहायला लावा, नाव न घालता, आणि ते वाचून दाखवा, वर्गाला स्वतःचीच मतं पहिल्यांदा कळतात. आणि तुमचं मत असेल तर ते शेवटी सांगा, आधी सांगितलंत की असाइनमेंटमध्ये तेच परत येतं. मतासाठी खरंच मार्क अडवले जात असतील तर विद्यार्थ्यांनी तारखेसकट लिहून ठेवावं आणि कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे जावं, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती असायलाच हवी आणि तिच्यावर लोकपाल असतो. आणि प्रत्येक विषयावर प्रत्येकाने बोललंच पाहिजे असंही नाही. त्या मुलाने आईचं वर्गात अजून सांगितलेलं नाही. तो त्याचा निर्णय, मी त्याला भित्रा म्हणणार नाही, आणि ती ढोंगी नव्हती हे पण तिला तेव्हाच सांगितलं.

शेवटच्या सेशनला तिचे बाबा सोबत आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "पोट बरं झालं मॅडम, पण आता ही घरी जेवताना फेरीवाल्यांची बाजू मांडते." मी विचारलं, तुमची पण मांडते ना? म्हणाले, मांडते, पण माझी ऐकून घ्यायला मला त्यांची पण ऐकावी लागते. पुढची अपॉइंटमेंट त्यांनी घेतली नाही.