पोरापोरींना एकेक करून मारणारे जुने स्लॅशर सिनेमे आज पुन्हा बघण्यासारखे आहेत का?

आहेत. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय ना, 'नुसती कापाकापी, लोकांना त्यात काय दिसतं', ते मी पंचवीस वर्षं माझ्या मामेभावाकडून ऐकतेय. म्हणून लिहायला बसले.

२००० साल, सांगली. माझी बारावी नुकतीच झालेली. घरचे कऱ्हाडला लग्नाला, मुक्कामी. तो मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि मी, भाड्यानं आणलेली 'स्क्रीम'ची (१९९६) व्हीसीडी, दिवे बंद. सुरुवातीलाच नटी ड्रू बॅरीमोर घरात एकटी आणि फोनवरचा माणूस विचारतो, 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधला खुनी कोण? तिच्या आधी दादाच ओरडला, "जेसन!" तो सिनेमा हॉस्टेलवर तीनदा बघितलाय म्हणायचा. तिनंही जेसनच सांगितलं. चूक! १९८०च्या पहिल्या भागात खून करते ती जेसनची आई. तो स्वतः दुसऱ्या भागापासून मारायला लागतो, हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्यात चढतो. दादा गप्प.

पहिली सीडी संपली. दुसरी घालायला उठले तेवढ्यात हॉलमधला फोन खणखणला. दोघंही जागचे हललो नाही. थांबला, परत वाजला, परत थांबला. पाचेक मिनिटांनी मागच्या दाराची कडी कुणीतरी जोरात आपटली आणि घरात एक किंचाळी उठली. ती माझी होती असं दादा अजून सांगतो. बाहेर शेजारच्या काकू होत्या. "अरे, फोन का उचलत नाही? आई विचारतेय, दूध तापवलं का?"

तर रक्ताचं म्हणाल, तर 'हॅलोविन' (१९७८) परत बघा, त्यात रक्त जवळजवळ नाहीच. जेमतेम सव्वातीन लाख डॉलरचा सिनेमा. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. संगीतही सिनेमाच्या दिग्दर्शकानंच, जॉन कार्पेंटरनं, दिलेलं. नायिका लॉरी जीव मुठीत धरून शेजाऱ्यांचं दार बडवते. आत दिवा लागतो, कुणीतरी डोकावतं आणि दिवा मालवतं. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं भयानक. मोठी माणसं एक तर घरात नसतात, नाहीतर पोरांचं खरं मानत नाहीत. हे कुठल्या वयात जुनं होतं?

मागच्या वर्षी 'स्क्रीम' परत पाहिला. माझी मुलगी आता चौदाची आहे. सिनेमातल्या त्या सुरुवातीच्या पोरीचे आईबाप घरी येतात तेव्हा ती जिवंत असते, बाहेर, हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायला गळा राहिलेला नसतो. आई फोन उचलते आणि त्यात लेकीची घरघर ऐकू येते. सतराव्या वर्षी हा भाग माझ्या लक्षातही राहिला नव्हता. या वेळी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायले.

हां, पुढचे भाग बहुतेक रद्दी. बिनधास्त पोरींना आधी मारतात हा आरोपही बऱ्याच सिनेमांना लागू पडतो. घरातल्या मुलांना दाखवण्याआधी स्वतः बघा. 'हॅलोविन', मग 'स्क्रीम', बाकीचं नंतर. आणि 'मी बघितलाय तो' म्हणणाऱ्याला शेजारी बसवू नका.

दूध तापवलं नव्हतं. सकाळी नासलं, त्याचं खापर दादानं माझ्यावरच फोडलं. पण किंचाळी पुरुषाची होती, हे काकू आजही शपथेवर सांगतात.