मेंदूवर संशोधन करायला एमबीबीएस लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नाशिकला बी.एससी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बंगळूरच्या आयआयएससीतलं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) सेंटर फॉर न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान केंद्र, तिच्या डोक्यात बसलंय. तिथे चालतं काय, शिरकाव कसा होतो, आणि डॉक्टर नसताना तिकडे जाण्यात अर्थ आहे का?

शेवटचं आधी. एमबीबीएस अजिबात लागत नाही. हे केंद्र २००९ साली सुरू झालं आणि तिथली नावाजलेली माणसंच बघा ना: आपण वस्तू ओळखतो कशा यावर काम करणारे एस. पी. अरुण काय किंवा मेंदूतल्या लहरींवर काम करणारे सुप्रतिम रे काय, दोघेही मूळचे इंजिनिअर. फिजिक्सवाल्या मुलीला तिथे कुणी परकं समजणार नाही. गणिताला घाबरणाऱ्या बायोलॉजीवाल्यांचेच जास्त हाल होतात, असं माझं मत.

आता काम कसं असतं ते. रे यांच्या लॅबचंच उदाहरण घेते, कारण मीही दुसरीकडे ईईजीचंच, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल टिपण्याचंच, काम करते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या की मेंदूच्या मागच्या भागात गॅमा लहरी उठतात, साधारण २० ते ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा वरखाली होणाऱ्या. त्यांना असं दिसलं की वय वाढतं तशा या लहरी क्षीण होतात, आणि अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसांत त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षाही क्षीण असतात. वाचायला झकास वाटतं. प्रत्यक्षात डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, एकेका इलेक्ट्रोडखाली केस बाजूला सारून जेल भरायचं, आणि संपर्क नीट बसेपर्यंत ते ढवळत राहायचं. ‘तेल न लावता या’ असं फोनवर दोनदा बजावलं तरी आज्जी चापूनचोपून वेणी घालूनच येतात. मग आधी केस धुणं. समोरच्याने पापणी मिटली की मेंदूच्या सिग्नलपेक्षा मोठी लाट उठते. त्यात आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी गॅमाच्या पट्ट्यात! ती गाळून टाकायची आणि मग पुढचे कित्येक दिवस मॅटलॅब नाहीतर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून आकडे तपासत बसायचं. मुलीला हा भाग आवडतोय का, हे आधी बघा. ज्यांना फक्त ‘मेंदूचं गूढ’ हवं असतं ते लवकर कंटाळतात.

शिरकावाचा मुख्य रस्ता पीएच.डी.चा, नेट-जेआरएफ किंवा गेटसारखी परीक्षा आणि नंतर मुलाखत. कोर्सवर्क, जर्नल क्लब (एकत्र बसून शोधनिबंधांवर चर्चा), सेमिनार हे सगळं त्यात येतंच. पण ती अजून दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा तिच्या कामाची गोष्ट म्हणजे उन्हाळा. तीन विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन. अर्ज आधीच्या हिवाळ्यातच भरावा लागतो आणि आपल्याकडची मुलं नेमकी तिथेच चुकतात, मार्चमध्ये जागी होतात. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचाही असा कार्यक्रम आहे. बंगळूरलाच एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रात ‘कॅम्प’ नावाची, स्मृतीच्या गणिती मॉडेलांवरची उन्हाळी शाळा भरते, पण तिथे जायला थोडी तयारी हवी. ती तयारी घरबसल्या करायची तर २०२० पासून चालणारी न्यूरोमॅच ॲकॅडमी आहे. शिकवण्या रेकॉर्ड केलेल्या आणि कोडची नोटबुकं फुकट.

आणि बंगळूरचाच हट्ट कशाला? पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत राघव राजन झेब्रा फिंच पक्ष्यांच्या गाण्यावर काम करतात, निक्सन अब्राहम उंदरांच्या वासाच्या जाणिवेवर. नाशिकहून चार-पाच तासांची एसटी. संस्थेच्या नावापेक्षा लॅब आणि गाइड महत्त्वाचे.

पैसे घेऊन ‘न्यूरोसायन्स सर्टिफिकेट’ देणाऱ्या दोन दिवसांच्या वर्कशॉपांना सरळ नाही म्हणा. मुलाखतीत त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतः कोणत्या डेटावर काय केलंत, हे विचारतात.

मेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट’ नको. त्या लॅबचा एक पेपर वाचून त्यातलं न कळलेलं नेमकं एक काय ते विचारावं. दहातले दोन उत्तर देतात, बाकीचे देत नाहीत. मनावर घेऊ नये. तिला पायथन कितपत येतं आणि लिनिअर अल्जिब्रा झालंय का तेवढं कळवा, म्हणजे कुठल्या लॅबला लिहायचं ते सुचवता येईल.