वाचकांचे प्रश्न : कन्व्हर्टर गेला, पण कशानं?

प्रश्न : माझी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. रत्नागिरीहून येताना आंबा घाटात तिसऱ्या गिअरला दम सोडते, सपाटीलाही ऐंशीच्या पुढं ओढत नाही. चेक इंजिनचा दिवा मध्येमध्ये लुकलुकायचा, आता कायम पेटलाय. स्कॅनरला पी ०४२० आणि पी ०३०२ असे दोन कोड निघाले. मेस्त्रींनी कोड पुसून दिले आणि 'कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा डबा) बदला' म्हणाले. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के आला. पुढच्या वर्षी पंधरा वर्षांचं पासिंग आहे. कन्व्हर्टर बदलून टाकू का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बदलावा लागेल असंच दिसतंय, पण आज नको. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा कोड पी ०४२० नाही, पी ०३०२ आहे. पहिला सांगतो की कन्व्हर्टरचं काम कमी झालंय. दुसरा सांगतो की दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि हवा थेट कन्व्हर्टरमध्ये जातात आणि तिथं पेटतात. आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करते. अशा वेळी ती हजाराच्या वर तापते आणि वितळून भोकं बुजतात. दिवा लुकलुकत होता तो याचाच इशारा होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे पाय हलका करा आणि जवळचं गॅरेज गाठा. मिसिंग तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकलात तर थोड्याच दिवसांत तोही जाईल.

म्हणून आधी दोन नंबरकडं बघा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, वीसेक किलोमीटर फिरवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग काढा. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. प्लग नवा टाकूनही फरक नसेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गाडीला गॅसचं किट असेल तर व्हॉल्व्हवर आधी संशय घ्या. इंजिन तेल पीत असेल तर तेही धरा. तेलातला फॉस्फरस जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर बसून तो निकामी करतो.

आता कन्व्हर्टर खरंच गेलाय का, ते. पिकअप मेलाय म्हणजे जाळी बुजल्याचा संशय घट्ट आहे, पण तो मोजून पक्का करता येतो. पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत राहायला हवं. त्याच्या बरंच वर गेलं तर वाट बंद आहे. सेन्सर गंजून बसला असेल तर इनटेक मॅनिफोल्डला (हवा आत घेणाऱ्या नळीला) व्हॅक्यूम गेज लावा आणि २५०० आरपीएमला मिनिटभर धरा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर एक्झॉस्ट बुजलाय. पुस्तकातला आयडलच्या व्हॅक्यूमचा १८ ते २१ इंचांचा (पाऱ्याच्या) आकडा समुद्रसपाटीचा असतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, म्हणून इथं १६ ते १९ इंच आले तरी इंजिन निरोगी समजा. याच आकड्यावरून चांगल्या इंजिनला नावं ठेवली जातात.

जाळी बुजली नसेल, नुसती दमली असेल, तर ते मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून कळतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचा आलेख लावा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली होतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर संपला. (पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण सलग मोजणारा, असेल तर त्याचा आलेख असा नाचत नाही, पण मागच्याची कसोटी तीच.) निकाल देण्याआधी एक खात्री करा : थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरा आणि कन्व्हर्टरच्या आधीच्या सांध्यांपाशी फुसफुस ऐकू येते का बघा. सांध्यावर काजळीची रेघ दिसली तरी पुरे. अशा गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं बोलतो. साध्या पॅकिंगसाठी कन्व्हर्टर बदलल्यासारखं होईल.

बदलताना गाडी पूर्ण थंड हवी आणि जॅकवर नव्हे, घोड्यांवर (जॅक स्टँडवर) हवी. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेन्सर २२ मिमीच्या, वायरसाठी खाच असलेल्या सॉकेटनं काढा. स्टड अडला तर एअर गनचा झटका देऊ नका, गॅसनं नट लाल करून सोडवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये स्टड तुटला तर दिवसाचं काम वाढतं. पॅकिंग आणि स्प्रिंगचे बोल्ट नवेच घ्या. सांध्याला सिलिकॉन सीलंट लावू नका, त्यातलं सिलिकॉन सेन्सरला मारतं. कन्व्हर्टरवरचा बाण मागच्या बाजूला राहील असा तो बसवा. सेन्सरच्या आट्यांना, टोकाला न लावता, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा. पाइप कापून वेल्डिंगचा कन्व्हर्टर बसवणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह आणि दोन्ही सेन्सर काढा. सेन्सरची जागा मूळच्या अंतरावरच ठेवायला सांगा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटा माल मिळेल, पण फार स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूचा थर पातळ असतो, दिवा वर्षाच्या आत पुन्हा पेटतो. तुमच्या गाडीच्या बीएस (भारत स्टेज, प्रदूषणाच्या मर्यादेचा) स्तरासाठीचाच घ्या आणि गॅरंटी बिलावर लिहून घ्या. जुना गॅरेजमध्ये सोडू नका. त्यातल्या धातूमुळं भंगारवाला त्याचे पैसे देतो, ते बिलातून वजा व्हायला हवेत.

पीयूसीला जाताना इंजिन गरम असू द्या. जाळी अडीचशे-तीनशे अंशांखाली काम सुरूच करत नाही, थंड गाडी नापास होणारच. आरसीवर बीएस ३ असेल तर सीओची मर्यादा ०.५ टक्के, बीएस ४ असेल तर ०.३. तुमचा १.८ दोन्हींत बसत नाही.

प्रश्न : गॅरेजवाले म्हणतात, 'आतली जाळी फोडून खाली करून देतो, पिकअप मोकळा होईल.' करून घेऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको. बुजलेल्या गाडीचा पिकअप सुधारेल हे खरं, पण तो नव्या कन्व्हर्टरनंही सुधारतो. पोकळ डब्यात सीओ तसाच बाहेर पडतो, पीयूसी अडतं, मागचा सेन्सर असेल तर दिवा विझत नाही. शिवाय प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ॲसिडनं धुऊन देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. वितळलेली जाळी धुऊन उघडत नाही.

प्रश्न : नवा कन्व्हर्टर बसवल्यापासून सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं. माल खराब निघाला का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होतेच, थंड सायलेन्सरमध्ये ती गार होऊन ठिबकते. इंजिन तापल्यावर थांबत असेल तर निश्चिंत राहा. तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासा. तुमच्या भागासाठी आणखी एक : गळिताच्या हंगामात लांबचं अंतर तोडून आल्यावर गाडी उसाच्या वाळल्या पाचटावर उभी करू नका. कन्व्हर्टरचा पत्रा पाचट पेटवण्याइतका तापलेला असतो.